पांढरी गार

हेमांगी गिरधर पाटील धडगावच्या वरच्या अंगाला असलेल्या आश्रमशाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू झाली, तेव्हा तिला इथल्या आदिवासींच्या पावरी बोलीतला एक शब्द येत नव्हता आणि मुलांना तिची पुस्तकी मराठी जेमतेम कळत होती. ती तापीकाठच्या गुजर घरातली. घरी गुजराती वळणाची बोली, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी. इतक्या भाषा येऊनही इथं तिची जीभ पांगळी झाली. म्हणून तिनं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं, सांगण्यापेक्षा करून दाखवायचं. मुलांच्या हातात देता येईल ते वर्गात आणायचं, शब्द मागाहून शिकवायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर खनिजांचा धडा निघाला. कोणतं खनिज किती कठीण, हे ओरखड्यावरून ठरतं. दोन वस्तू एकमेकींवर घासायच्या. जिच्यावर ओरखडा उठला ती मऊ, जिनं तो उठवला ती कठीण. सगळ्यांत मऊ शंखजिरं, त्याला एक नंबर. सगळ्यांत कठीण हिरा, त्याला दहा. बाकीची दुनिया या दोघांच्या मधे.

"रविवारी घरी जाल तेव्हा जे सापडेल ते घेऊन या," तिनं मुलांना सांगितलं. "दगड, लोखंड, काच, काहीही."

सोमवारी वर्गातल्या फरशीवर बाजारच भरला. कोळसा, नदीतल्या गोट्या, काळ्या दगडाच्या कपच्या, विळ्याचं तुटकं पातं, जीपच्या आरशाचा तुकडा, तांब्याची तार. एका मुलीनं आजीचं चांदीचं कडं आणलं होतं. मुलं फरशीवर उकिडवी बसली आणि घासाघाशी सुरू झाली. खडूवर नखानं सहज रेघ उठली. नख अडीच नंबरचं, खडू त्याच्या खाली. तांब्याच्या तारेनं चांदीच्या कड्यावर बारीक चरा उठला, तशी कडं आणणारी मुलगी रडकुंडीला आली. हेमांगीनं ते ओढणीनं घासूनपुसून तिच्या हातात घालून दिलं. मग तिनं स्वतःच्या दातावर नख वाजवलं. "आपल्या अंगातली सगळ्यांत कठीण वस्तू ही. दाताचं वरचं कवच. नंबर पाच." सगळा वर्ग दात वाजवू लागला. चाकूचं पातं आणि काच दोन्ही साडेपाचच्या आसपास, त्यांची झुंज बरोबरीत सुटली.

सेमली मागच्या रांगेत बसायची. उंच, सावळी, आपणहून कधी न बोलणारी. तिनं फडक्याची गाठ सोडली आणि लिंबाएवढा एक दगड पुढे केला. दुधासारखा पांढरा, कडांना धार. हेमांगीनं तो काचेवर ओढला. दात आंबतील असा आवाज झाला आणि काचेवर खोल रेघ उमटली. मग विळ्याचं पातं दगडावरून फिरवलं. दगडावर एक करडी रेघ दिसली, ती तिनं बोटानं पुसून टाकली. खाली दगड होता तसाच होता.

"ही रेघ दगडावर पडलेली नव्हती," ती म्हणाली. "पातंच झिजलं आणि त्याची पूड दगडाला लागली. याला क्वार्ट्झ म्हणतात. आपली पांढरी गार, म्हणजे गारगोटी. नंबर सात. याच्या वर पुष्कराज, मग माणिक आणि नीलम, सगळ्यांच्या डोक्यावर हिरा. पण ते काय तुमच्या-माझ्या हाती लागत नाहीत."

मुलं हसली. सेमली हसली नाही. तिनं विचारलं, "मॅडम, काच हरली. चाकू हरला. दात पण हरला?"

"दात पण."

"मग छाती किती नंबरची?"

वर्गात पुन्हा हशा पिकला. सेमलीनं छातीवर हात ठेवला. "आत. श्वास जातो तिथं."

"त्याला नंबर नसतो," हेमांगी म्हणाली. "ते फार मऊ असतं. खडूपेक्षाही."

सेमलीनं मान हलवली आणि दगड पुन्हा फडक्यात बांधला. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तरी ती दाराशी उभी राहिली. मग खाली बघत म्हणाली, "बाबा म्हणतो, त्याच्या छातीत हाच दगड आहे. तो याच्या कारखान्यात होता. गुजरातमध्ये."

पुढच्या रविवारी हेमांगी सेमलीबरोबर तिच्या पाड्यावर गेली. डोंगराच्या सोंडेवर विखुरलेली घरं, उतारावर काढणी झालेल्या ज्वारीची धसकटं. रामसिंग घराच्या ओट्यावर बसला होता. दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. दर श्वासाला गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता. केस काळेभोर होते. म्हातारा म्हणावं असं वय मुळीच नव्हतं. हेमांगीनं मराठीत सुरुवात केली. तिचे शब्द त्याच्यापर्यंत पोचत नाहीत हे तिला दिसत होतं, आणि ती सेमलीकडे वळणार तोच तो म्हणाला, "बेसो, बेन."

कारखान्यात तो गुजराती शिकला होता. तिच्या घरची बोली आणि त्याची कारखान्यातली भाषा, फार लांबची नव्हती. ज्या मुलखात दोघांचंही घर नव्हतं, तिथल्या भाषेत ते दोघं बोलू लागले.

तिथं ट्रकनं हा पांढरा दगड यायचा, त्यानं सांगितलं. यंत्रात पडायचा, फुटायचा, पुन्हा फुटायचा, शेवटी पिठासारखा होऊन पोत्यात भरला जायचा. काच करायला जायचा, फरशी करायला जायचा. तो आणि त्याचा धाकटा भाऊ वाहरू यंत्रापाशी उभे राहायचे. त्याची बायको जसोदाबाई बाहेर शेडमध्ये पोत्यांची तोंडं शिवायची. सेमली लहान होती, ती इथं आजीजवळ राहिली.

"आत धुकं असायचं, बेन. पण कोरडं." तो थांबला, श्वास घेतला. "फडकं बांधायचो तोंडाला. तरी भाकर खाताना दातांखाली करकर वाजायचं. पाणी प्यालं तरी करकर."

"दवाखान्यात दाखवलंत?"

"टीबी म्हणाले. गोळ्या खाल्ल्या, सगळ्या. पुन्हा दिल्या, पुन्हा खाल्ल्या." त्यानं हात उलटा करून दाखवला. काही नाही.

जसोदाबाई दारातून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "काय काम करायचा, हे कुणी विचारलं नाही. आम्ही सांगितलं नाही. सांगायचं असतं, हे कुठे माहीत होतं?"

वाहरू दिवाळी करून परत तिकडेच गेला होता. आता होळीला येणार होता.

हेमांगीनं रजा टाकली आणि रामसिंग आणि जसोदाबाईला घेऊन नंदुरबारला निघाली. धडगावला जीपवाल्यानं रामसिंगाकडे एकदा बघितलं आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवलं. "त्यास्ले पुढे बसाडा, बाई. मांगे गचके बसतीन." चांदसैलीच्या घाटात प्रत्येक वळणावर रामसिंग दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून ठेवत होता. तळोद्याला उतरून त्यांनी चहा घेतला, तो त्याला अर्धाच घेता आला. चहाचा घोट आणि श्वास, दोन्ही एका वेळी जमत नव्हतं.

छातीचे डॉक्टर मध्यम वयाचे, कमी बोलणारे होते. त्यांनी छातीचा एक्स-रे फोटो उजेडाच्या पेटीवर लावला आणि बराच वेळ बघत राहिले. मग वळून त्यांनी तेच विचारलं जे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "हे काम काय करत होते?"

हेमांगीनं सांगितलं.

फोटोत दोन्ही फुप्फुसांवर कुणी मूठ मूठ भगर उधळावी तसे पांढरे ठिपके होते. वरच्या बाजूला ते एकमेकांत मिसळून त्यांचा गोळा झाला होता. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं तो गोळा दाखवला. "हा क्षय नाही. दगडाची धूळ आहे. इतकी बारीक की खोकून निघत नाही. शरीर तिला विरघळवू शकत नाही, म्हणून तिच्याभोवती मांस घट्ट होत जातं. श्वासाबरोबर ताणायचं, आवळायचं, ते फुप्फुसाला जमत नाही मग."

"औषध?"

"दम थोडा कमी होईल असं देतो. ऑक्सिजन लागेल पुढे." त्यांनी जसोदाबाईकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "घट्ट झालेलं परत मऊ होत नाही, मॅडम. यांना तुमच्या भाषेत तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर अर्धंच कळेल, आणि ते जास्त वाईट."

बाहेर कडुनिंबाखाली बाक होता. हेमांगी त्या दोघांच्या समोर उकिडवी बसली. वर्गात मुलांसमोर बसायची तशीच. गुजरातीत 'बरं होणार नाही' हे म्हणायला अगदी साधे शब्द आहेत, तिला लहानपणापासून येणारे. ते तिनं शेवटी उच्चारले. जसोदाबाईनं पदर तोंडाशी धरला. रामसिंग दवाखान्याच्या फाटकाकडे बघत राहिला.

मग त्यानं विचारलं, "वाहरूच्या पण छातीत असेल?"

"बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मी आजारी पडलो तेव्हा मुकादमानं त्याला माझ्या जागेवर उभं केलं," रामसिंग म्हणाला. "माझ्याच जागेवर."

पाड्यावरच्या टेकडीच्या माथ्यावर मोबाइलला रेंज यायची. तिथून हेमांगीनं वाहरूला फोन लावला. पलीकडे यंत्रांची घरघर होती. "दादाला टीबी आहे, मॅडम," तो ओरडून बोलत होता. "मला काही होत नाही. मी अजून एकट्यानं पोतं उचलतो. आता मास्क पण देतात. होळीला येतो, मग बघू." फोन कट झाला.

त्याच आठवड्यात हेमांगीच्या भावाच्या, भावेशच्या नव्या घराची वास्तुशांत होती. शेताच्या कडेला, केळीच्या बागेला लागून बांधलेलं घर. वडील गिरधरभाई दाराशी उभे राहून पाहुण्यांना आत घेत होते. आई अनुसयाबाईनं लेकीला बघताच, "डोंगरात राहून काळी पडलीस, बदलीचं बघ आता," असं सुरू केलं. हेमांगी चपला काढून आत गेली आणि थबकली. बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत पांढरीशुभ्र फरशी पसरली होती. तिच्यात माणसांची प्रतिबिंबं उलटी चालत होती.

"गुजरातहून आणली," भावेश मागून म्हणाला. आवाजात कौतुक मावत नव्हतं. "आरसा आहे आरसा. आणि टणक इतकी की ओरखडा पडत नाही." त्यानं खिशातून मोटरसायकलची चावी काढली, खाली बसून फरशीवर जोरात घासली आणि बोटानं पुसून दाखवली. "बघ. चावी झिजेल, फरशी नाही."

हेमांगी त्याच्या बोटाला लागलेल्या करड्या पुडीकडे बघत राहिली. भावाला काय सांगायचं? त्यानं कुणाचं वाईट केलं नव्हतं. दोन वर्षं राबून घर बांधलं होतं, बायकोला हवी ती फरशी घातली होती. तिनं "छान आहे" म्हटलं. पंगतीला बसली, पण पानातलं बहुतेक तसंच राहिलं. जेवणं उरकल्यावर आईनं विचारलं, "बरं नाही का गं तुला?" तेव्हा तिनं रामसिंगाचं सगळं सांगितलं. अनुसयाबाई ऐकता ऐकता आपोआप फरशीवरून उठली आणि चटईवर जाऊन बसली. का, हे तिलाही सांगता आलं नसतं. भावेशही ऐकत होता. तो उठून बाहेर केळीच्या बागेत गेला आणि अंधार पडेपर्यंत आत आला नाही.

हिवाळाभर हेमांगी दर रविवारी पाड्यावर जात राहिली. तिच्या हातून होण्यासारखं काही नव्हतं. औषधं पोचवायची, शाळेतल्या सेमलीच्या गोष्टी सांगायच्या. रामसिंग आता आडवा होऊ शकत नव्हता. जसोदाबाईनं खाटेवर दाणे काढलेल्या कणसांच्या बुरकंड्यांचं पोतं रचून त्याला टेकायला केलं होतं. त्यावर पुढे वाकून तो बसूनच झोपायचा.

एका रविवारी त्यानं हेमांगीला जवळ बोलावलं. एकेका शब्दासाठी थांबत म्हणाला, "बेन, मी मेलो की मला कापा."

हेमांगीला आधी कळलंच नाही.

"डॉक्टरला सांगा. छाती उघडा. आतलं बाहेर काढा. आमच्या लोकांना दाखवा. फोटो दाखवला तर म्हणतात, कागद आहे. दगड हातात दिला की समजेल."

जसोदाबाई चुलीपुढून ताडकन उठली. "नाही," ती म्हणाली. "कुणी हात लावायचा नाही. तुला आईनं अख्खा दिला होता, मी अख्खाच पाठवणार."

"वाहरू जाईल तिकडे. पोरं जातील."

"जाऊ देत. मी तुला कापू देणार नाही." ती हेमांगीकडे वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं, धग होती. "मॅडम, तुम्ही याला हो म्हणू नका. तुमचं तो ऐकतो."

हेमांगीच्या मनात दोन्ही बाजू होत्या. असा पुरावा किती मोलाचा, हे तिला कळत होतं. डॉक्टरही बोलले होते की जिवंतपणी, नुसत्या फोटोवर, कारखाना माणसाची ओळखही दाखवत नाही; मेल्यावर छातीतून निघालेली धूळ मात्र त्याला नाकारता येत नाही. पण या घरात ती पाहुणी होती. ते शरीर रात्र रात्र टेकू देऊन ज्या बाईनं सांभाळलं होतं, तिच्यासमोर शास्त्राचं काही बोलायला तिची जीभ धजेना. "तुम्ही दोघं ठरवाल ते," ती म्हणाली. रामसिंगानं डोळे मिटून घेतले. जसोदाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. पुन्हा त्या घरात तो विषय निघाला नाही.

होळी जवळ आली. काठी गावच्या राजवाडी होळीला जाणाऱ्यांची तयारी सुरू झाली, पाड्यापाड्यांवर ढोल तापवून वाजवून बघितले जाऊ लागले. वाहरू गुजरातहून परतला आणि त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी, भाऊ शेजारी बसलेला असताना, रामसिंगाचा श्वास थांबला. शेवटी तो वाहरूचं मनगट धरून होता. बोलायला काही उरलं नव्हतं, नुसतं धरून होता.

जसोदाबाईनं त्याला अख्खाच पाठवला.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत वाहरू शाळेत आला. रुंद खांद्यांचा, भावापेक्षा उंच माणूस. तो स्टाफरूममध्ये आला नाही. मागच्या पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिला. हेमांगी गेली तेव्हा तो आपल्या उजव्या हाताच्या नखाकडे बघत होता.

"राख सावडायला गेलो होतो," तो म्हणाला. "सगळं जळलं होतं, मॅडम. हाडंसुद्धा ठिसूळ झाली होती, हात लावला की मोडायची. पण छातीच्या जागी एक गोळा राहिला होता. काळा. एवढा." त्यानं मूठ दाखवली. "लाकडं कमी नव्हती. मीच रचली होती. मी नख लावून बघितलं. रुतत नव्हतं."

हेमांगीनं त्या मुठीकडे बघितलं.

"तो दगड होता ना, मॅडम?"

हो म्हणणं फार सोपं होतं. 'हो, दगड' इतकं म्हटलं असतं तर तो कधीच तिकडे गेला नसता आणि त्याच्या पाठोपाठ आणखी कितीजण थांबले असते. पण रामसिंगाबद्दल तिला खोटं बोलवेना.

"दगड नाही," ती म्हणाली. "दगडाची धूळ आत फार थोडी असते, चिमूटभर. तिच्यामुळे मांसच इतकं घट्ट होतं की लवकर जळत नाही. ते तुझा भाऊच होता, वाहरूभाई. त्याचंच मांस होतं ते."

वाहरूचा चेहरा एकदम वाकडा झाला. त्यानं टाकीच्या भिंतीला पाठ लावली आणि खाली बसला. इतका वेळ धरून ठेवलेलं रडू फुटलं. हेमांगी शेजारी उभी राहिली. टाकीच्या नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं. शांत झाल्यावर तो म्हणाला, "लोकांना मी दगडच सांगणार." तिनं नळ सोडून त्याला तोंड धुवायला पाणी दिलं.

मग तो म्हणाला, "माझ्यात पण असेल?"

"असू शकेल."

"चला मग. बघून टाकू."

नंदुरबारच्या त्याच पेटीवर वाहरूचा फोटो लागला. ठिपके होते. विरळ, वरच्या बाजूला, पण होते. डॉक्टरांनी त्याला जवळ बोलावून दाखवले. या वेळी त्यांनी स्वतःच तुटक्या हिंदीत सांगितलं. वाहरूनं विचारलं, "काम सोडलं तर कमी होतील?"

"कमी नाही होणार. पण थांबू शकतात. मी वचन देत नाही. तिथं राहिलास तर मात्र वचन देतो, वाढतील."

वाहरूनं फोटो गुंडाळी करून काखेत धरला. परतीच्या जीपमध्ये, तळोद्याच्या पुढे घाट लागला तेव्हा तो म्हणाला, "दादानं मनगट का धरलं होतं ते कळलं."

होळी झाली, आणि दरवर्षीप्रमाणे मुकादमाची पिकअप गाडी पाड्याखालच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली. मुकादम खेमजी शेजारच्याच पाड्यावरचा. कुणाला लुबाडणारा माणूस नव्हता तो. स्वतःही पूर्वी त्याच यंत्रांपाशी उभा राहिलेला, मग माणसं गोळा करून नेऊ लागलेला. गाठोडी, भांडी, कडेवर पोरं घेऊन माणसं गाडीत चढत होती. हेमांगीला सेमलीनं निरोप दिला होता, म्हणून तीही येऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. आपण इथं काय बोलणार, हे तिला कळत नव्हतं. वाहरू पुढे झाला. त्यानं फोटो उन्हात धरला, भावाच्या राखेतलं सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी नजर चुकवली. एक तरुण म्हणाला, "इथं राहून काय खायचं ते सांग." वाहरूनं फोटो खाली घेतला.

तेवढ्यात जसोदाबाई वरून उतरत आली. हातात बांगडी नव्हती, लुगडं डोक्यावरून ओढलेलं. ती गाडीच्या मागच्या फळीपाशी गेली आणि आत बसलेल्या बायकांशी पावरीत बोलू लागली. आवाज चढवला नाही. हेमांगीला शब्द कळत नव्हते, सेमली शेजारी उभी राहून हळूच मराठीत सांगत होती. "आई म्हणते, मी बाहेर शेडमध्ये होते म्हणून जगले. म्हणते, तुमच्या नवऱ्यांना शेड मिळणार नाही. म्हणते, मी त्याला हिवाळाभर बसवून झोपवलं. तुम्हाला जमेल का बघा."

मग जसोदाबाई खेमजीकडे वळली. सेमलीनं तेही सांगितलं. "ती विचारते, तू किती वर्षं उभा होतास तिथं?"

खेमजी गमछा तोंडाशी धरून खोकला, बराच वेळ खोकला, आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला.

एक कुटुंब खाली उतरलं. मग ज्यानं खाण्याचं विचारलं होतं, त्या तरुणाच्या बायकोनं आपलं गाठोडं ओढून काढलं आणि पोराला कडेवर घेऊन चालू लागली. तरुण क्षणभर गाडीतच बसून राहिला, मग शिव्या घालत तिच्यामागे उतरला. बाकीचे बसून राहिले. पिकअप निघाली, वळणावर धूळ उडाली आणि बसली. हेमांगीनं मोजलं नाही किती गेले, किती राहिले. गेलेले जास्त होते, एवढं तिला दिसलं.

त्या पावसाळ्याआधी वाहरूनं भावाचा आणि आपला, दोन्ही उतार मिळून नांगरले. दम लागला की तो बांधावर बसायचा. जसोदाबाई बियाणं घेऊन मागून चालायची. सेमली दहावीला गेली.

आणि शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी, प्रार्थना चालू असताना, खेमजी मुकादम आश्रमशाळेच्या फाटकाशी आला. चढ चढून आल्यानं त्याला बोलता येत नव्हतं. हेमांगी त्याच्याजवळ गेली. त्यानं हातानं थांबा अशी खूण केली, पायरीवर बसला आणि श्वास जागेवर येईपर्यंत जमिनीकडे बघत राहिला.

"मॅडम," शेवटी तो म्हणाला, "नंदुरबारचा तो डॉक्टर. तो कोणत्या दिवशी असतो?"

हेमांगी त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिनं त्याला दिवस सांगितला.